आधी पान उलटून पाहा

मिरचीच्या रोपांबद्दल आलेल्या पत्रांत एक वाक्य हमखास सापडतं : “दोन-तीन औषधं मारून झाली, फरक नाही.” औषध कशावर मारलं, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. माझी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, त्यामुळे उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारायची खोड आहे. पान जुनं की कोवळं? वर वळलंय की खाली? मागची बाजू पाहिली का? फोटो पाठवणार असाल तर कुंडीसकट अख्खं झाड, अगदी वरचा शेंडा आणि बिघडलेल्या पानाची मागची बाजू, असे पाठवा. छान उजेडात काढलेला एकाच पिवळ्या पानाचा फोटो माझ्या फारसा उपयोगाचा नाही.

प्रश्न : ताई, माझ्या गच्चीवरच्या मिरच्यांची शेंड्याकडची पानं आकसून वळली आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, हा चुरडा-मुरडा, रोपं उपटून टाक. मी एक कीटकनाशक दोनदा फवारलं, तर शेंडे जास्तच आकसले. रोपांना कळ्या आहेत, उपटायचं जिवावर येतं.

उत्तर : लगेच उपटू नका. पान वळलं की आपण चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतो, पण पानाची अशी गत करणारे निदान तिघे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तुमचं पत्र चांगलं सविस्तर आहे. पानाच्या कडा वर वळल्यात की खाली, तेवढंच लिहायचं राहिलं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर पहिला संशय फुलकिड्यांवर. पान उलटा. शिरांच्या कडेने खरवडल्यासारखे चंदेरी किंवा तपकिरी चट्टे आणि त्यांत विष्ठेचे बारीक काळे ठिपके दिसले की संशय पक्का. किडा जेमतेम १ मिलिमीटरचा, फिकट पिवळा, कोवळ्या शेंड्यात नाहीतर फुलात दडलेला. शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेला कचरा चालायला लागला, तर तो कचरा नव्हे.

कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि कडक झालं असेल, देठ उगाच लांबला असेल आणि पानाची मागची बाजू तपकिरी, चकचकीत दिसत असेल, तर तो कोळी, म्हणजे घरातला जाळंवाला नव्हे, झाडाचा रस पिणारा सूक्ष्म जीव. जाळी करणारा लाल कोळी वेगळा. त्याला कोरडी, तापलेली हवा लागते आणि त्याच्यामुळे पानावर फिकट टिपके टिपके उठतात. मी म्हणते तो साधारण ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याला उबदार, दमट हवा मानवते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत तरच भेटेल. स्वतः चालून तो फार लांब जात नाही. पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटून मात्र आरामात पुढच्या झाडावर पोचतो. कोवळ्या पानातला रस शोषताना जी लाळ सोडतो, तिच्यामुळे पान उमलतानाच वेडंवाकडं होतं.

हा कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे पुष्कळशा कीटकनाशकांनी त्याचं काही बिघडत नाही. त्याला खाणारे शिकारी मात्र त्याच फवाऱ्यात मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. फवारणीनंतर शेंडे जास्त आकसले, असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून माझा कल याच्याकडे आहे. पण भिंगाने खात्री तुम्हीच करायची.

तिसरा विषाणू, जो पांढऱ्या माशीमार्फत येतो. इथेही पान वरच्या बाजूला वळतं, पण खरवडल्याची खूण कुठेच नसते. पानं बारकी राहतात, शिरा जाड होतात, मधला भाग पिवळट पडतो, पेरं आखूड होऊन शेंड्याला गुच्छ बनतो. यावर औषध नाही. असं रोप पिशवी घालून, माशा न उडवता काढायचं, आणि तेही बाकीच्यांना लागण व्हायच्या आत. इथे मात्र काकूंचं म्हणणं बरोबर आहे.

आता उपाय. दोन्ही किडींमध्ये फार बिघडलेले शेंडे आधी खुडून टाका. फुलकिडे असतील तर पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता द्रवरूप साबण. साबण आधी तेलात घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाला सगळंच्या सगळं बसतं. संध्याकाळी फवारा, पानांच्या मागून फवारा, आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारा. याला कारण आहे : फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत घातलेली असतात आणि कोषावस्था बहुतेक मातीत जाते, त्यामुळे एका फवारणीत दोन्ही सुटतात. कोळी निघाला तर पाण्यात मिसळणारं गंधक, पाकिटावरच्या प्रमाणात. पारा ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा गंधक मारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तर अजिबात नको. दोन्हींची गाठ पडली की पानं भाजतात.

फवारणी केल्यावर त्या दिवशीच्या शेंड्याला दोरा बांधून ठेवा. वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, कितीही औषध मारलं तरी. लोक तेच पान रोज पाहतात, गुण नाही म्हणतात आणि चौथं औषध आणतात. दोऱ्याच्या वर जी पानं येतील त्यांच्याकडे बघायचं. कोळ्याच्या बाबतीत तर तो मेल्यावरही काही आठवडे थोडी वाकडी पानं येत राहतात, तेवढा धीर धरा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या ढोबळी मिरचीच्या पानामागे भिंगातून पाहिलं तर शिरा जिथे फुटतात त्या कोपऱ्यांत पांढऱ्या केसांचे झुपके आहेत. बाबा म्हणतात, कीड असेल, जुन्या टूथब्रशने घासून काढ. काढू का?

उत्तर : अजिबात नको. आणि तू भिंगाने पानाची मागची बाजू पाहिलीस, याबद्दल शाबास. एवढं मोठी माणसंही करत नाहीत.

ते झुपके झाडाचेच आहेत. मिरचीच्या पानामागे मुख्य शीर आणि तिच्या फांद्या यांच्या बेचक्यात असे केस उगवतात, आणि त्यांत फार लहान शिकारी कोळी राहतात, अंडी घालतात. हे शिकारी झाडाचा रस पीत नाहीत. ते फुलकिड्यांची पिल्लं आणि झाड खाणारे कोळी खातात. झाड त्यांना राहायला जागा देतं, ते झाडाची राखण करतात. तू ब्रश फिरवलास तर राखणदारच बेघर होतील. झुपक्याजवळ थोडा वेळ भिंग धरून बस. थेंबासारखं, चकचकीत, भराभर पळणारं काही दिसलं तर तो बहुधा शिकारी असतो; झाड खाणारे सहसा संथ चालतात. बाबांनाही दाखव.

प्रश्न : (दोन वाचकांनी जवळजवळ एकच विचारलंय, म्हणून एकत्र घेते.) पहिले लिहितात : खालची पानं पिवळी होऊन गळतात, वरचा भाग ठीक आहे. दुसऱ्या लिहितात : अगदी नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. दोघांनीही एप्सम सॉल्ट घातलं आहे.

उत्तर : दोघांनीही! हे मीठ हल्ली प्रत्येक पिवळ्या पानाचा रामबाण उपाय झालंय. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं असेल तरच त्याचा उपयोग, एरवी ते मातीत साठतं आणि मुळांना कॅल्शियम मिळण्यात अडथळा आणतं.

वर्गात मी फळ्यावर एकच चित्र काढायचे : झाड, त्यावर खाली जुनी पानं आणि वर नवी. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाला जुन्या पानांतून काढून घेऊन शेंड्याकडे पाठवता येतात. त्यामुळे ती कमी पडली की आधी खालचं पान पिवळं पडतं. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तिथून जवळजवळ हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता नव्या पानावर दिसते. एवढं डोक्यात असलं की निम्म्या शक्यता तिथेच बाद होतात.

आता पहिले वाचक. खालची पानं शिरांसकट सारखी फिकट होत असतील तर नत्र कमी. कुंडी लहान आणि माती जुनी असली की हे होणारच. दर वेळी पाणी घालताना नत्र खालच्या भोकातून वाहून जातं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि कडा करपल्या असतील तर पालाश. पण खत घालायच्या आधी दोन गोष्टी पाहा. एक, झाड मोठं झाल्यावर सावलीत गेलेली दोन-चार पानं ते स्वतःच टाकतं. तो आजार नव्हे. दुसरी, माती सतत ओली आहे का? गुदमरलेल्या मुळांना खतातलं काही उचलता येत नाही, आणि तशीच पिवळी पानं दिसतात. तिथे खत घालणं म्हणजे बिघाडात भर.

दुसऱ्या ताईंची खूण लोहाची आहे. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण माती अल्कधर्मी झाल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. मिरचीला मातीचा सामू (माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, म्हणजे पीएच) साधारण ६ ते ६.८ लागतो. तुम्ही लिहिलंय की कुंडीच्या कडेला पांढरे पापुद्रे धरतात, आणि मातीत राख घालता. पापुद्रे जड पाण्यातल्या क्षारांचे. राख सामू आणखी वर नेते. राख आजपासून बंद. जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, आणणार असाल तर पुडीवरचं बारीक अक्षर वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह सामू ६.५ च्या पुढे गेला की टिकत नाही, अल्कधर्मी मातीत ईडीडीएचए लागतं. रंग परत येतो तो नव्या पानांत.

ज्यांनी नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मिरची लावली आहे त्यांच्यासाठी जाता जाता : न धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि सोडियम, पालाश सोडतं. अशा कुंडीत एप्सम सॉल्टला खरंच अर्थ आहे. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, पानांवर, पंधरवड्यातून एकदा, आणि खालच्या पानांचं पिवळं पडणं थांबलं की बंद.

प्रश्न : ढोबळी मिरचीला रोज सकाळी न चुकता पाणी देतो. तरी दुपारी झाड मान टाकतं. म्हणून दुपारीही द्यायला लागलो. आता सकाळीही मरगळलेलं असतं. पाणी आणखी वाढवू का?

उत्तर : थांबवा. तुमच्याच पत्रात उत्तर आहे : “आता सकाळीही.”

कडक उन्हात मोठ्या पानांचं झाड दुपारी मान टाकतं, कारण पानांतून वाफ जितक्या वेगाने जाते तितक्या वेगाने मुळं पाणी ओढू शकत नाहीत. माती ओली असली तरी हे होतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाड आपोआप ताठ होत असेल तर काही करायचं नाही, फार तर दुपारची सावली. पहाटे मरगळलेलं झाड मात्र खरोखर आजारी असतं. तुमचं आधी फक्त दुपारचं होतं; दुपारचं जादा पाणी सुरू झालं आणि ते पहाटेचं झालं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं मरतात, आणि मेलेली मुळं असलेलं झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं.

बोट दोन पेरं मातीत घाला. मातीला वाफसा आला असेल, म्हणजे बोटाला ओल जाणवते पण चिखल लागत नाही, तर आज पाणी नाही. दुसरी खूण कुंडीच्या वजनाची. पाणी घातल्यावर एकदा उचलून पाहा, मग रोज उचला; आठवड्याभरात हाताला कळायला लागतं. घड्याळ पाहून पाणी घालण्याची शिस्त माणसांच्या सोयीची आहे, झाडाच्या नाही.

आता ते झाड अलगद कुंडीतून काढून मुळं पाहा. पांढरी आणि घट्ट असतील तर वाचलं : निचऱ्याची भोकं मोकळी करा, खालची थाळी काढा, सावलीत ठेवा. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर साल निघून आत दोरा राहतो अशी असतील तर कुजलेला भाग कापून नव्या, भुसभुशीत मातीत लावा आणि वरच्या फांद्याही छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवर कमी ओझं येईल. जमिनीलगत खोडाला काळपट पट्टा आला असेल तर ती बुरशीजन्य मर. ते झाड राहत नाही, आणि ती माती दुसऱ्या मिरचीला, टोमॅटोला किंवा वांग्याला वापरायची नाही.

आणखी एक शक्यता, जी मी प्रत्येकाला एकदा तपासायला लावते. पानं हिरवीगार असताना झाड एक-दोन दिवसांत कोसळलं, तर बुडाशी खोड कापून तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात लोंबता धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी धागे खाली उतरायला लागले, तर ती जिवाणूजन्य मर. बघायला विलक्षण असतं, पण त्यानंतर कात्री, हात आणि कुंडी सगळं धुवायला लागा.

याच्या उलट प्रकारही असतो. कुंडी हलकी, पानं पातळ आणि कुरकुरीत, आणि पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं. माती पार वाळून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, पाणी त्या फटीतून उतरतं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा.

प्रश्न : मिरची एवढी तिखट असते, मग तिला कीड लागतेच कशी?

उत्तर : तिखटपणा फळात असतो, तोही मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात तिथे. कॅप्सेसिन तिथेच तयार होतं. पानात त्याचा प्रभाव नसल्यासारखाच, त्यामुळे मावा या रस पिणाऱ्या किडीला मिरचीचं पान आणि वांग्याचं पान सारखंच. फळातला तिखटपणाही सगळ्यांसाठी नाही. सस्तन प्राण्यांना तो झोंबतो, पक्ष्यांना जाणवत नाही, आणि पक्षी बिया न चावता गिळतात. म्हणजे आपण बी चावून नासवणारे म्हणून बंदोबस्त आपल्यासाठी आहे. मिरचीचं पाणी फवारून मिरचीवरची कीड घालवायचा प्रयोग कळवलेल्या वाचकांनी गॉगल घालावा, एवढंच सांगते.

प्रश्न : खिडकीत वाढवलेली रोपं गच्चीवर नेली. दोन दिवसांत पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडले. भुरी आहे का?

उत्तर : नाही, ऊन लागलंय. काचेमागे वाढलेलं पान थेट उन्हाला तयार नसतं. डाग वरच्या, सूर्याकडे तोंड असलेल्या पानांवरच आहेत आणि पसरत नाहीत, यावरून ओळखायचं. मिरचीची भुरी वेगळी दिसते. पांढरी पूड बहुधा पानाच्या मागे असते आणि वरून फक्त पिवळे चट्टे दिसतात. डाग पडलेली पानं काढू नका, हिरवा उरलेला भाग काम करतोच. रोपं पुन्हा सावलीत घ्या, पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण. पेरांपाशी आणि पानांच्या शिरांवर जांभळा रंग चढला तर घाबरू नका, तो थंडीत किंवा प्रखर उजेडात येणारा रंग आहे, आणि काही वाणांना तर तो जन्मतःच असतो.

प्रश्न : पानांवर फिकट-गडद हिरवी नक्षी उमटली आहे, पानं सुरकुतली आहेत. घरात किडा एकही सापडला नाही. झाडांचं सगळं आमचे हे बघतात. (त्यांना तंबाखूची सवय आहे, म्हणून विचारतेय.)

उत्तर : तुम्ही कंसात लिहिलंत, पण प्रश्नाचा गाभा तोच आहे. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या, आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो. त्याला किड्याची गरज नसते. रसाने माखलेला हात, कात्री, खुडणारं नख पुरतं. वाळलेल्या पानातही तो वर्षानुवर्षं टिकतो. १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरीही त्या रसाने रोग लागत राहिला. विषाणू नावाची गोष्ट माणसाच्या हाती लागण्याची सुरुवात इथून झाली.

नक्षी दुसऱ्या विषाणूंनीही येते, काही माव्यातून पसरतात. नुसतं पान पाहून नेमका कोणता ते ठरवता येत नाही, आणि उपाय दोन्हीकडे एकच : ते झाड काढायचं. त्याच्या बिया धरू नका. यजमानांना सांगा की कुंड्यांकडे जायच्या आधी साबणाने हात चोळून धुवायचे, आणि रोगट झाडाला हात लावला तर पुढच्या झाडाकडे जाताना पुन्हा.

प्रश्न : झाडावर मुंग्यांची रांग लागली आहे, पानं चिकट झाली आहेत. मुंग्या मारायची पावडर टाकू का?

उत्तर : मुंग्या फक्त पत्ता सांगतायत. रांग कुठे संपते ते पाहा, तिथे पानामागे मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडेल. ते रस पिऊन गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात त्यांच्या शत्रूंना हुसकतात. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी धरते. मावा पाण्याच्या जोराने खाली पडतो, दोन-तीन दिवस लागोपाठ धुवा. पिठ्या ढेकणाला मेणाचा थर असतो, त्याला साबणाचं पाणी थेट अंगावर बसायला हवं. मावा सारखा परत येत असेल तर नत्राचं खत कमी करा. गडद हिरवी, लुसलुशीत वाढ त्याला फार आवडते, आणि अशा झाडाला फुलंही कमी लागतात.

प्रश्न : ढोबळी मिरचीच्या टोकाकडे तपकिरी, खोलगट डाग पडतात. अंड्याची टरफलं घातली, काही झालं नाही.

उत्तर : आधी हात लावून पाहा. फळ टणक आणि गुळगुळीत असून नुसता जांभळा-काळा रंग असेल तर तो पिकतानाचा रंग. बुडाशी भाग सुकून चामड्यासारखा झाला असेल तर फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर चढतो. पानांतून भरपूर वाफ जाते म्हणून पाणी तिकडे ओढलं जातं, फळाच्या वाट्याला थोडं येतं. मधेच माती वाळली की तेवढंही बंद. बहुतेक कुंड्यांत कॅल्शियम पुरेसा असतो, पाणीच धड मिळत नसतं. टरफलं कुजायला फार काळ घेतात, या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग नाही. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, कुंडी निदान १० लिटरची घ्या, पाणी कधी पूर आणि कधी दुष्काळ असं होऊ देऊ नका. डागी फळं खुडून टाका, ती बरी होत नाहीत.

प्रश्न : सगळ्या मिरच्यांची नवी पानं दोऱ्यासारखी अरुंद, पिळवटलेली येतायत. फुलकिडे नाहीत, कोळी नाही (भिंग घेतलं!). टोमॅटोचंही तेच. दोन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना नवं शेणखत घातलं होतं. फक्त एक कुंडी शेणखत न घालता जुन्या मातीतच ठेवली होती, तिला काहीही झालेलं नाही.

उत्तर : असं पत्र आलं की दिवस सार्थकी लागतो. तुम्ही निदान जवळजवळ केलेलंच आहे, मी फक्त नाव देते. हे तणनाशकाचं लक्षण आहे. रुंद पानांच्या तणांवर वापरली जाणारी काही तणनाशकं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. फवारलेलं गवत जनावराने खाल्लं तरी त्यांतली काही न मोडता शेणात उतरतात आणि कुजलेल्या खतातही टिकून राहतात. मिरची, टोमॅटो आणि शेंगवर्गीय झाडांना अगदी थोडा अंशही पुरतो. शेजारी कोणी तणनाशक फवारलं आणि वारा तुमच्याकडे होता, तरी असंच दिसतं. पण मग जुन्या मातीची कुंडी सुटली नसती.

कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, काहीही मारू नका. सौम्य मार बसलेली झाडं स्वच्छ मातीत हलवल्यावर नीट पानं काढतात, जास्त पिळवटलेली सोडून द्यावीत. ती कुंडीतली माती दुसरीकडे मिसळू नका. पोत्यात उरलेलं खत तपासायचं असेल तर ते साध्या मातीत अर्धं-अर्धं मिसळून एका डब्यात घेवड्याच्या चार-पाच बिया पेरा, आणि शेजारी नुसत्या मातीचा दुसरा डबा ठेवा. तीन-चार आठवड्यांत खताच्या डब्यातली पानं पेल्यासारखी वळली आणि दुसऱ्यातली सरळ राहिली, तर उरलेलं पोतं मिरचीच्या आसपासही आणू नका. दोन्ही डब्यांतला घेवडा सारखाच वाढला तर मला पुन्हा लिहा, कारण मग आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.